गरम धोटा

आधीच माफी मागतो. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्याच्याने सांभाळलं जात नाही आणि शब्दही साधेच येतात. वाचताना खडे लागले तर बाजूला काढून वाचावं. गोष्ट माझी नाही. मारेक नावाच्या एका पोलंडच्या पोराची आहे. तो मायदेशी परत गेल्यावर वर्षभराने मला त्याचं जाडजूड पत्र आलं, अर्धं मराठीत, अर्धं चित्रं काढून. त्यावरून जे कळलं ते इथे लिहितो. नुकतेच जेवून बसला असाल तर मग थोड्या वेळाने वाचा.

१

ठाण्यापुढच्या नारपोलीत पंढरीशेठचा बारा मागांचा, कापड विणायचा कारखाना आहे. खाली माग, वर घर, आणि मध्ये पोटमाळ्यावर एक खोली. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात मारेक त्या खोलीत आला. चोवीस वर्षांचा, उंच, कान लाल होणारा पोरगा. त्याच्या गावी एकेकाळी कापडाच्या गिरण्या होत्या, म्हणून त्याला माग बघायचे होते. पंधरा दिवसांसाठी आला आणि अकरा महिने राहिला.

माग बघता बघता तो चालवायला शिकला. मराठीही तिथेच शिकला, म्हणून तो 'आहे'ला हाय आणि 'नाही'ला न्हाय म्हणायचा. पंढरीशेठच्या बायकोला, हौसाकाकूंना, मारेक हे नाव तोंडात बसेना. त्या त्याला मारुती म्हणायच्या. तो मारुतीच्या नावाने हाक आली की 'ओ काकू' म्हणून जिना चढायचा.

मागावर आडवा धागा नेतो तो धोटा. लाकडाचा, होडीसारखा, हातभर लांब. त्याच्या पोटात धाग्याची कांडी बसवायची आणि कडेला एक बारीक भोक असतं त्यातून धाग्याचं टोक बाहेर काढायचं. काढायचं म्हणजे भोकाला ओठ लावून आत ओढायचं. चुक् असा आवाज होतो आणि धागा जिभेवर येतो. कांडी दर पाच-सहा मिनिटांनी संपते. दिवसभरात किती वेळा ओठ लागतात त्याला सुमार नाही, आणि दोन पाळ्या म्हणजे दोन माणसांची तोंडं त्याच लाकडाला.

मागावरच्या पहिल्या दिवशी मारेकला ओकारी आली होती. त्याला तो धोटा दामू नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने दिला. दामू बावीस वर्षं नऊ नंबरचा माग चालवत होता आणि सोडून गावी चालला होता. ह्या कारखान्यात एक रीत आहे. सोडून जाणारा शेवटचा धागा स्वतः ओढतो आणि धोटा न पुसता, तसाच ओला, नव्याच्या हातात देतो. नव्याने लगेच त्याच भोकाला तोंड लावायचं. ह्याला गरम धोटा घेणं म्हणतात. दामूच्या तोंडात मिश्री होती. मारेकने डोळे मिटून धागा ओढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दामू असा हसला की एवढा खूश माणूस मारेकने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याच संध्याकाळी दामू गावी निघून गेला. मारेक मोरीत जाऊन ओकला.

पण पुढे सवय झाली. नुसती सवय नाही, त्याला त्याचा अभिमान वाटायला लागला. एका ताटात जेवणं, एका तांब्याला तोंड लावणं, हे त्याला घरी कधी जमलं नसतं.

आता व्हिसा संपत आला होता. गुरुवारचं विमान होतं. त्याआधीच्या शनिवारी सकाळी सात वाजता त्याने कारखान्यात येऊन धोटा उचलला, कांडी घातली, ओठ लावले, आणि थबकला.

धोटा ओला होता.

शुक्रवारी कारखाना बंद असतो. गुरुवारी संध्याकाळी कुलूप लागलं ते आत्ता त्याच्यासमोर उघडलं होतं. मार्चच्या उकाड्यात दीड दिवसात लाकूड खडखडीत वाळतं. हा ओला होता, आणि कोमटही. त्याच्या ओठांना चिकट लाळ लागली. चव गोडसर, आंबट, लहान मुलाने चघळलेल्या कापडासारखी.

२

"तेल आसल," मुस्तकीम म्हणाला. तो शेजारचा सात नंबर चालवायचा, उत्तरेतल्या मऊ नावाच्या गावचा, दाढीत कापसाचं तूस अडकलेला बारीक माणूस. मराठी आणि हिंदी त्याच्या तोंडात कालवलेलीच असायची. म्हणाला आणि धोट्याकडे न बघताच आपल्या मागाकडे वळला.

तेल नव्हतं. तेलाला लाळेसारखी तार सुटत नाही.

दुपारी हौसाकाकूंनी भात, सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकर वाढली. मारेकने घास उचलला आणि त्याला एकदम सगळं दिसायला लागलं. ताटाच्या कडेला चिकटलेलं तूस. तांब्याच्या काठावर उठलेले ओठांचे डाग. काकूंच्या नखातलं पीठ. अकरा महिने तो हेच खात होता, बोटं चाटत होता. आज घास गालात फिरत राहिला आणि खाली उतरेना.

"काय झायलं रं मारुती? कालवन खारट झालं काय?"

"न्हाय काकू. भूक न्हाय."

काकूंनी दह्याचं भांडं पुढे ओढलं. रागावल्या नाहीत.

"आमचे मामांचं पन असंच व्हतं. दुबईला जायाचे आदी आठ दिस त्यांना आमचे घरानलं पानी पन घान वाटं. जायाचं ठरलं का मानसाला दिसाला लागतं. त्याचं काय न्हाय, तू दही खा."

मारेकला इतकी शरम वाटली की त्याने सगळं दही खाल्लं. काकू बरोबर बोलत होत्या. धोटा ओला नसणारच. आपलंच मन परत गोरं व्हायला लागलंय, तेच किळस शोधून आणतंय. त्याने ठरवलं की कुणाला काही सांगायचं नाही. ज्यांनी आपल्याला ताटात घेतलं त्यांना, जाताना, तुमचं घाण आहे असं कसं सांगायचं?

३

त्याची खोली मागांच्या डोक्यावर होती. चोवीस तास खाट थरथरायची, पेल्यातल्या पाण्यात गोल वर्तुळं उठायची. त्या आवाजाची इतकी सवय होती की आवाज थांबला की कान दुखायचे. आणि आवाज रोज थांबायचा. त्या वर्षी लोडशेडिंग फार होतं. दुपारी दोन वाजता वीज जायची. खटाखट, खटाखट, मग एकेक माग धापा टाकत थांबायचा, नारपोलीतल्या सगळ्या गल्ल्या मुक्या व्हायच्या, आणि कारागीर चहाला निघून जायचे.

रविवारी दोन वाजता वीज गेली तेव्हा तो बॅग भरत होता. खाट थांबली. पाणी थांबलं. त्या शांततेत खालून आवाज आला.

चुक्.

थोडं थांबून परत, चुक्.

कुणीतरी कांडी भरत असेल, त्याला वाटलं. पण वीज नसताना कांडी भरून करायचं काय? आणि आवाज एकदा होऊन थांबतो, धागा आला की संपलं. हा थांबत नव्हता. सावकाश, चवीने, जसं म्हातारं माणूस आंब्याची कोय चोखतं.

तो अनवाणी खाली गेला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोहोचला आणि आवाज बंद झाला. कारखान्यात कुणी नव्हतं. खिडक्यांच्या जाळीवर तूस बसून त्यांची गोधडी झाली होती, त्यातून पिवळा उजेड येत होता. खळीचा आंबट वास रोजचाच होता. त्याच्याखाली आणखी एक होता, सकाळी दात न घासलेल्या तोंडाचा.

नऊ नंबरच्या पेटीत धोटा होता. ओला. बॅग भरायला वर येण्याआधी त्याने माग थांबवून नवी कांडी घातली होती, तिच्यावरचा निम्मा धागा नव्हता. कापड मात्र इंचभरही पुढे गेलेलं नव्हतं.

उंदीर, तो स्वतःशी म्हणाला. पोलिश भाषेत म्हणाला, मोठ्याने. उंदीर धागा ओढून नेतात, बिळात घर करतात. खरंच नेतात. पण उंदीर चोखत नाहीत.

४

सोमवारी चहाला त्याने मुस्तकीमला गाठलं. मुस्तकीम बशीत चहा ओतून फुंकत होता.

"मुस्तकीमभाई, तू धोटा तोंडाने नाही ओढत. मी आज बघितलं. तू तारेचा आकडा वापरतोस."

"अकरा महिने में आज देखा?" मुस्तकीम हसला. "दात खराब हैं."

"खरं सांग."

मुस्तकीमने बशी रिकामी केली, मग बोलला. आवाजात गोष्ट सांगण्याचा रंग नव्हता. रेशनच्या रांगेत किती वेळ लागला हे सांगावं तसा बोलला.

"चार साल पहले मैं भी गया था. हमेशा के लिए. सात नंबरवर नया लड़का आया. पढ़ा-लिखा. मैंने गरम धोटा दिया, उसने पहले लुंगी से पोंछा. अच्छे से पोंछा, फिर मुँह लगाया. लोग हँसे. मैं भी हँसा."

"मग?"

"कल्याणला गाडीत बसलो. इगतपुरीपर्यंत ठीक. उसके आगे पानी गले से नहीं उतरा. जितनी गाडी आगे, उतना गला खिंचे. जैसे काँटे में फँसी मछली को." त्याने स्वतःच्या गळ्याला, हाडाच्या खाली, बोट लावलं. "मनमाडमध्ये उतरलो. परत आलो. नारपोली नाके पे आते ही तीन गिलास पानी पिया."

"डॉक्टर?"

"दिखाया. बोले कुछ नहीं है." मुस्तकीम उठला, बशी खाली ठेवली. "मेरा किसी ने लिया नहीं, बस. तुम्हारा तो दीपेश ले रहा है. फिकर काय को?"

५

दीपेश म्हणजे पंढरीशेठचा धाकटा. वीस वर्षांचा, ठाण्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कोर्सला नाव घातलेला, जूनची वाट बघणारा. अकरा महिने मारेकच्या मागे 'भावा, भावा' करत फिरलेला. कारागीर मिळत नव्हते म्हणून बापाने त्याला सांगितलं होतं, मारेक गेला की तू नऊवर बस.

मंगळवारी मारेक त्याला घेऊन धामणकर नाक्यावर गेला. मागांचं सामान विकणाऱ्या दुकानातून त्याने एक कोरा धोटा घेतला. पिवळं लाकूड, वार्निशचा वास, कुणाचं तोंड न लागलेलं.

"हा कशाला?" दीपेशने विचारलं. "पोलंडला माग लावतो काय?"

"तुझ्यासाठी. तू जुना घेऊ नको. आणि तोंड लावू नको, तार वापर."

दीपेशचा चेहरा पडला. रिक्षांच्या गर्दीत तो मध्येच उभा राहिला.

"भावा, तू पन शेवटी साहेबच झाला ना?"

"तसं न्हाय. त्याला... तो धोटा खराब हाय."

"अकरा महिने चालला तो! दामूबाबाने बावीस वर्षं चालवला. पप्पा सगल्या गल्लीला बोलून बसलेत, गोरा आमचे पोराला गरम धोटा देणार. आनि मी काय दुकानातला नवा घेऊ?" मग त्यालाच वाईट वाटलं. त्याने मारेकच्या खांद्यावर हात टाकला. "दोनच महिने रे. मग ठाना. टेन्शन नको घेऊ."

मारेकने सगळं सांगायला तोंड उघडलं. पण काय सांगणार? की तुझ्या बापाच्या मागाखाली कुणीतरी चोखतं? रस्त्यावरून टेम्पो जात होते, उसाचा रस निघत होता, समोर दीपेश हसत होता, आणि ते वाक्य कुठल्याच भाषेत खरं वाटेना.

आणि आणखी एक होतं, जे त्याने पत्रात नंतर, वेगळ्या शाईने लिहिलंय. त्याला मुस्तकीमची बशी आठवली. चार वर्षं तो परत गावी जाऊ शकलेला नव्हता.

६

बुधवारी दोन वाजता वीज गेली. कारागीर बाहेर पडले. मारेक कोरा धोटा शर्टात लपवून खाली आला. बदलायचा की नाही, हे त्याचं ठरलेलं नव्हतं. बदलला तर दीपेश सुटेल. मग आपलं कोण घेणार?

ह्या वेळी आवाज थांबला नाही.

चुक्. चुक्.

तो नऊ नंबरसमोर उभा राहिला. धोटा पेटीत होता, त्याला कुणी हात लावलेला नव्हता. पण आतली कांडी उलगडत होती. सावकाश. भोकातून धागा निघत होता, मागाच्या पुढच्या दांड्यावरून खाली जात होता, आणि खालच्या अंधारात, वर्षानुवर्षं साठलेल्या तुसात नाहीसा होत होता.

मारेक गुडघ्यावर बसला. तूस जुन्या लोकरीसारखं दाट होतं, तेलाने काळं पडलेलं. ते किंचित फुगत होतं आणि बसत होतं. वाऱ्याने असेल. वारा नव्हता. मधोमध, जिथे धागा आत जात होता, तिथे ते ओलं होऊन आत दुमडलं होतं. सुरकुतलेलं, गोल. दात नसलेल्या माणसाचे गाल आत जातात तसं.

तो हात लावणार नव्हता. पण हाताला सवय असते, धागा सैल दिसला की ओढायची. त्याने चिमटीत धरला आणि ओढला.

आतून मऊ, गिळगिळीत ओढ लागली. आणि त्याच्या स्वतःच्या घशात, पडजिभेच्या मागे, काहीतरी हललं.

त्याने धागा सैल सोडला. घसा सैल झाला.

परत ओढला. पोटातून काहीतरी वर सरकलं, जसं दोरीला बांधलेलं.

ओकारी आहे, त्याचं डोकं म्हणालं, किळस आली की घसा असाच आवळतो, ह्यात काही नवल नाही. मग खालून धागा ओढला गेला, त्याने न ओढता. त्याची जीभ मागे गेली. ओठ आपोआप पुढे आले, गाल आत गेले, आणि चुक् असा आवाज झाला. मागाखालून नव्हे. त्याच्या तोंडातून.

प्रत्येक कारागिराच्या खिशात धागा तोडायची छोटी कातर असते. त्याने ती काढली. पाती धाग्याच्या दोन्ही बाजूंना टेकवली. धागा ओला होता, त्यावर लाळेचे बारीक मणी होते, आणि तो तोडला तर कुठल्या बाजूला काय तुटेल हे त्याला माहीत नव्हतं.

त्याने कातर मिटली.

मोरीत तो खूप वेळ ओकला. दुपारचं दही, पाणी, आणि शेवटी पांढऱ्या तुसाचा एक बोळा, सुपारीएवढा. कारखान्यात काम करणाऱ्या सगळ्यांच्या पोटात तूस जातं. सगळ्यांच्या. त्याने बोळा पायाने ढकलला आणि वरून चार तांबे पाणी ओतलं.

७

सहाला वीज आलेली होती, पण पंढरीशेठने नऊ नंबर बंद ठेवला होता. मागाला हार घातला होता. नारळ फोडला, पेढे वाटले. गल्लीतली माणसं दारात जमली होती.

"आमचे घरान परदेशी मानूस ऱ्हायला," पंढरीशेठ बोलायला उभे राहिले, "आनि त्यानी कदी नाक मुरडलं न्हाय. आमचे पोरांनी पन असं ऱ्हावं." हौसाकाकू पदर डोळ्याला लावत म्हणाल्या, "आता आटपा, पोराला सकाली लवकर निगायचं हाय."

मारेकने धोटा उचलला. कोरा वर बॅगेत होता. त्याने कांडी घातली, ओठ लावले आणि ओढलं. धागा सहज आला, जिभेवर गरम लोळत. लोक हसले.

आता फक्त पुसायचं होतं. त्याच्या शर्टाची बाही भोकापासून चार बोटांवर होती. सगळ्यांसमोर एकदा घासली असती तर पंढरीशेठची मान खाली गेली असती, काकू रडल्या असत्या, दीपेश परत बोलला नसता. आणि दीपेश जूनमध्ये ठाण्याला गेला असता.

मुस्तकीम सात नंबरला टेकून उभा होता. तो बाहीकडेच बघत होता.

दीपेश हात पुढे करून हसत होता. ओठ कोरडे होते, वर नुकती दाट होत आलेली मिशी. "दे ना भावा."

मारेकच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती. पाणी. विमानात बाई पेला भरून देईल ते पाणी.

त्याने धोटा दिला.

दीपेशने भोकाला तोंड लावलं. क्षणभर त्याच्या नाकाशेजारी घडी पडली, डोळे बारीक झाले. मग, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून, तो हसला. ओठ पुसले नाहीत.

"गरम हाय रे अजून," तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या. मारेकच्या घशात काहीतरी सुटलं आणि अडकलेली गोळी उतरावी तसं खाली गेलं. त्याला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, निरोपाचं आहे. मुस्तकीम कोपऱ्यात जाऊन थुंकला आणि त्याने आपला माग सुरू केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला रिक्षा आली. मारेक काकूंच्या पाया पडला, पंढरीशेठने त्याला मिठी मारली. बाहेर पडायला कारखान्याच्या दारावरूनच जावं लागतं. माग चालू होते. नऊ नंबरवर दीपेश पाठमोरा होता. त्याची कांडी संपली, त्याने माग थांबवला, नवी घातली, धोटा तोंडाला लावला. धागा आला असावा. तरी तो मान खाली घालून तसाच उभा राहिला, आणि त्याचा मोकळा हात हळूच गळ्यापाशी गेला.

मारेकने हाक मारली नाही.

धामणकर नाक्यावर वाहतूक अडली. कढईतून वडे निघत होते. मारेकने रिक्षा बाजूला घ्यायला लावली, खाली उतरला आणि उभ्या उभ्या दोन वडापाव खाल्ले. तिखट, गरम, सगळं सरळ पोटात उतरत होतं. त्याने बोटांवरची चटणी चाटली. गाडीवरच्या तांब्याला तोंड लावून घटाघट पाणी प्याला.

"साहेब, विमान सुटेल," रिक्षावाला म्हणाला.

मारेकने तोंडात घास असतानाच हात पुढे केला आणि आणखी एक मागितला.